नस्तीतलं सतरावं पान

१

शैलेश तामोरे मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी क्लोरीनच्या शेडमध्ये शिरला. पावणेअकराला त्याला बाहेर काढलं तेव्हा तो गेलेला होता. शुक्रवारी त्याच्या मास्कच्या खरेदीची नस्ती माझ्या टेबलावर आली आणि तिच्यात सतरावं पान नव्हतं.

मी मेघाली वर्तक. शिकले रसायनशास्त्र, पण सागरकाठ पाणीपुरवठा मंडळात खरेदी अधिकारी आहे. आमच्या पाच जलशुद्धीकरण केंद्रांना जे काही लागतं ते बोईसरच्या या कार्यालयातून विकत घेतलं जातं. तुरटी, क्लोरीनची सिलिंडरं, पंपांचे सुटे भाग, झाडूसुद्धा. तीन वर्षांपूर्वी व्हॉल्व्हच्या पंधरा खोक्यांत विटा निघाल्या होत्या. त्यानंतर मी मालाच्या तपासणीचे नियम कडक केले, आणि तेव्हापासून एकही खोटा नग आमच्या भांडारात शिरलेला नाही. याचा मला अभिमान होता, हे आधीच सांगून ठेवते.

कार्यकारी अभियंता प्रताप सावे माझ्या टेबलासमोर उभे होते. ते बसत नाहीत तेव्हा त्यांना घाई असते.

"वर्तक मॅडम, सोमवारी सकाळी टिपणी द्या. एका पानाची. मास्क नियमानुसार खरेदी केले, तपासून घेतले, एवढंच."

"आणि शैलेश?"

"मास्क गळ्यात लटकत होता. घातलाच नव्हता. माणूस निष्काळजी होता असं लिहिताना मलाही बरं वाटत नाही हो. पण जे दिसलं ते दिसलं."

"सर, तपासणी अहवाल नस्तीत नाही. सतरावं पान."

"पडलं असेल कुठे."

ते गेल्यावर मी नस्ती पुन्हा उघडली. आमच्या नस्तीतली पानं पडत नाहीत. दोन भोकांतून नाडी ओवून ती बांधलेली असतात. सतरावं पान काढायचं तर त्याच्या वरची सगळी पानं सोडवायची, ते एक काढायचं आणि बाकीची क्रमाने परत ओवायची. भोकं कुठेही फाटलेली नव्हती.

कुणीतरी हे काम सावकाश बसून केलं होतं.

२

शनिवारी सकाळी मी चिंचणीच्या अलीकडच्या आमच्या केंद्रावर गेले. शेडला कुलूप होतं. शैलेशचा शिफ्टमधला जोडीदार मेहुल बाहेर पायरीवर बसला होता. मला पाहून उठला.

"गळती मोठी होती का?" मी विचारलं.

"नाय मॅडम. एका सिलिंडरचा वॉशर गेला होता. दोन मिनिटांचं काम. अशी गळती आमी वर्षातून चारदा बंद करतो."

"मास्क घातला होता त्याने?"

"घातला होता. माझ्यासमोर पट्टा आवळला. वर मला बोलला, मेहुल्या, माझा चहा पिऊ नको हां." मेहुल परत पायरीवर बसला. "तो चहा तसाच राहिला."

"हे जबाबात सांगितलंत?"

"सांगितलं. साहेब बोलले, आत जाऊन काढला असेल. मग मी काय बोलणार? शेजारच्या कारखान्याच्या फायरवाल्यांनी त्याला बाहेर आणला तेव्हा मास्क गळ्यातच होता ना."

शवविच्छेदन अहवालाची प्रत माझ्याजवळ होती. सावेसाहेबांनी ती पहिल्या पानापुरतीच वाचली असावी. दुसऱ्या पानावर डॉक्टरांनी लिहिलं होतं की दोन्ही गालांवर आणि हनुवटीखाली दाबाचे वक्र वळ आहेत. पडून असे वळ येत नाहीत. घट्ट बसलेल्या रबराच्या कडेने येतात.

म्हणजे मेहुलचं खरं होतं. पण साहेबांचंही खरं होतं. शैलेशने मास्क घातला आणि आत जाऊन काढला. क्लोरीनने भरलेल्या शेडमध्ये, नऊ वर्षांच्या अनुभवाचा माणूस, स्वतःच्या हाताने.

असं माणूस एकाच कारणाने करतो. मास्क घालूनही नाकातोंडात वायू येत असेल तर. घुसमटणारा जीव विचार करत नाही, तोंडावरचं ओरबाडून काढतो.

मास्कला पुढे एक डबा फिरवून बसवतात. त्यात रसायन लावलेला कोळसा असतो आणि तो क्लोरीन शोषून घेतो. लहान गळतीत असा डबा निदान पंधरा मिनिटं टिकायला हवा. या केंद्राच्या वाट्याला बारा डबे आले होते. एक शैलेशच्या मास्कला, अकरा अजून याच आवारातल्या मंडळाच्या भांडारात. भांडारपाल धर्माजी चुरी रजेवर होते, म्हणून मेहुलने केंद्राकडची दुसरी किल्ली आणली. अकराही डबे मी प्रयोगशाळेतल्या तराजूवर एकेक करून ठेवले.

डब्यावर छापलं होतं, वजन ३१० ग्रॅम. पाच ग्रॅम इकडेतिकडे चालतं; त्याहून जड म्हणजे आतला कोळसा आधीच काहीतरी शोषून बसलाय.

पहिला डबा ३५१ भरला. दुसरा ३४८. अकरांपैकी एकही ३४५च्या खाली नव्हता, आणि त्यातला एकही आजवर कुणी तोंडाला लावलेला नव्हता.

३

घिवलीला शैलेशच्या घरासमोर बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या रांगा होत्या. तिथे काम करणाऱ्या बायका मला पाहून गप्प झाल्या. मी पुढे गेल्यावर परत बोलू लागल्या.

त्याची बायको शालू ओसरीवर बसली होती. मी कोण ते सांगितलं. तिने पाट पुढे सरकवला, पाणी विचारलं नाही.

"मास्क तुमीच घेतलेले का?"

"हो. खरेदी मीच केली."

"मग तुमाला ठाव असेल. चांगले होते?"

"तेच शोधतेय."

"ताई, ऑफिसचा माणूस आलेला. बोलला, मास्क घातला नव्हता, मग चूक त्याची. तो गेला आणि दुपारपर्यंत अख्ख्या गावात झालं. कोण बोलतो पिऊन गेला होता, कोण बोलतो मस्ती होती. माझा सासरा चाळीस वर्षं बोट चालवतोय. काल बंदरावर त्याला कोणतरी बोललं, तुझा पोरगा दर्यात मेला असता तर बरं झालं असतं, निदान नाव तरी राहिलं असतं."

मी पाटावर जरा पुढे सरकले.

"तो दाढी पण रोज करायचा," शालू म्हणाली. "सुट्टी असली तरी. बोलायचा, दाढी असली की मास्क बसत नाय, वारा शिरतो. असा माणूस मास्क नाय घालणार?"

"त्याने मास्क घातला होता. मला खात्री आहे."

"मला सांगून काय होणार? मला ठावच हाय." तिने बोंबलांच्या रांगांकडे हात केला. "मला नोकरी नको, काय नको. तो चुकला नाय, एवढं तुमच्यातलं कोणीतरी इथं येऊन बोला. मोठ्यानं. यांच्यासमोर."

मी शब्द दिला. ज्याने डबे बिघडवले त्याचं नावही सांगेन, असंही बोलून गेले. त्या वेळी माझ्या डोक्यात एकच नाव होतं.

४

ते नाव विपुलचं. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत त्याचं सुरक्षा साहित्याचं दुकान आहे. रविवारी सकाळी तो शटर अर्धं वर करून हिशोबनीस बाईंशी बोलत होता.

"अरे मेघालीबेन, संडेला? या, बसा. चाय बोलावू?"

"नको. गेल्या वर्षी तुम्ही आम्हाला क्लोरीनचे साठ डबे दिलेत. जुने होते का?"

त्याचा चेहरा उतरला. तो रागावेल असं मला वाटलं होतं, तो घाबरला.

"तामोरेचं मला समजलं. दोन दिवस झोप नाही हो मला. पण माल एक नंबर होता. त्याच लॉटचे दोन पीस अजून आहेत माझ्याकडे. तुम्हीच बघा, लॅबमध्ये टाका, कापून बघा. मी एक शब्द बोलणार नाही."

"आमचे डबे वजनाला चाळीस ग्रॅम जास्त आहेत."

"चाळीस?" तो उठला. "माझ्याकडून निघताना नव्हते. तुमच्याकडे तपासणी झाली ना? तुमच्याइतकी तपासणी कोण करतं? दुसऱ्या ऑफिसात खोकं मोजतात आणि सही करतात. तुमच्याकडे एकेक नग. तो रिपोर्ट काढा, त्यात सगळं ओके लिहिलंय. तोच तर माझा पुरावा आहे!"

त्याने मागून दोन डबे आणले. लॉट क्रमांक आमचाच. दुकानातल्या काट्यावर एक ३०९ भरला, दुसरा ३११.

परत देताना मी डबा उलटा केला आणि थांबले. वरच्या तोंडावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा घट्ट चिकटवलेला होता. खालच्या भोकावर बूच, आणि बुचावर चिकटपट्टी.

"हा पत्रा सगळ्यांवर होता?"

"साठच्या साठ. सील आहे ते, हवा लागू नये म्हणून. वापरायच्या वेळेलाच फाडायचं. एकदा फाडलं की डबा चालू झाला, मग कुणी तोंडाला लावो न लावो."

मी आमचे अकरा डबे हातात घेऊन तोलले होते. त्यांतल्या एकावरही पत्रा नव्हता.

५

विपुलचा एक डबा सोबत घेऊन बोईसरहून केंद्राकडे परत जाताना मी पानाचा विचार केला. आतापर्यंत मी तो चुकीच्या टोकाने करत होते.

सतरावं पान म्हणजे माल ठीक आहे असं सांगणारा कागद. विपुलला तो हवाच होता, तो त्याला सोडवत होता. सावेसाहेबांनाही हवा होता, कार्यालयाने आपलं काम केलं असं तो दाखवत होता. या दोघांपैकी कुणी तो काढला नसता. तो कागद नकोसा होईल अशी एकच व्यक्ती असू शकते. माल ठीक होता की नाही याची जिला भीती नाही, पण तो कसा तपासला गेला याची आहे.

प्रयोगशाळेत मी अकरांपैकी एक डबा कापला. चमचाभर कोळसा शुद्ध पाण्यात ढवळला, पाणी गाळलं आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे तीन थेंब टाकले. दह्यासारखा पांढरा साका खाली बसला. विपुलच्या डब्यातल्या कोळशाचं पाणी जेमतेम धुरकटलं. म्हणजे कुणीही न वापरलेल्या आमच्या डब्याने पोटभर क्लोरीन पिऊन घेतला होता.

कुठे, हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही. भांडाराचं दार उघडताच नाक चुरचुरलं. डब्यांच्या फळीखाली ब्लीचिंग पावडरच्या पोत्यांची थप्पी होती. खाऱ्या दमट हवेत ती पावडर सतत थोडा थोडा क्लोरीन सोडते. कागदांच्या टाचण्या गंजून पिवळ्या पडल्या होत्या, खिडकीचे गज सालपटले होते. त्या हवेत उघडे डबे चौदा महिने बसले होते.

मी एक डबा दिव्याखाली धरला. तोंडाच्या कडेवर तेलरंगाचा बारीक लाल ठिपका होता. आमच्या भांडारात तपासलेल्या प्रत्येक नगावर असा ठिपका देतात. पण ही कड म्हणजे जिथे पत्रा चिकटवलेला असतो ती जागा. पत्रा जागेवर असता तर ठिपका पत्र्यावर पडला असता. म्हणजे ज्या दिवशी तपासणी झाली, त्याच दिवशी सील निघालं होतं. अकराही डब्यांवर ठिपका तिथेच होता.

भांडाराच्या वहीत तपासणी अहवालाची दुसरी प्रत असते. तीही नव्हती.

मी धर्माजींना फोन केला. ते मासवणला घरी होते. काय काम ते त्यांनी विचारलं नाही. पाऊण तासाने मोटारसायकलवरून आले, दारातच चपला काढल्या आणि मी समोर ठेवलेल्या डब्याकडे बघत उभे राहिले.

"मॅडम, तुमाला समजलं."

"सील तुम्ही काढलीत."

"मीच काढली. साठच्या साठ. दोन दिवस लागले." ते स्टुलावर बसले. "पत्रा काढल्याशिवाय आत जाळी हाय का, कोळसा हाय का, कसं समजणार? व्हॉल्व्हच्या खोक्यात विटा निघाल्या तेव्हा मीच तर सही केलेली न उघडता. तुमी मला तेव्हा वाचवलंत. मग मी ठरवलं, आता काय पण येवो, उघडून बघणार."

"खोक्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, वापरापूर्वी सील काढू नये."

"मला इंग्रजी येत असतं तर मी इथं असतो का?"

"मग पान का काढलंत?"

"मंगळवारी तो फायरवाला इथं आला. हे डबे बघून बोलला, याची सीलं कुठे गेली? दुपारी जेवणाच्या सुट्टीत बोईसरला गेलो, नस्ती सोडवली. दोन महिन्यांनी रिटायर होतोय मी. सदतीस वर्षांत माझ्या हातून माणूस मेला नव्हता." त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून चौघडी केलेले दोन कागद काढले. "पण नुसतं माझ्यासाठी नाय काढलं, मॅडम. वाचा. पहिलीच ओळ."

मी वाचली. धर्माजींचं अक्षर शाळेतल्यासारखं गोल आहे.

'खरेदी अधिकारी यांच्या परिपत्रकानुसार सर्व ६० नगांचे वेष्टन व सील काढून प्रत्यक्ष तपासणी केली. नग योग्य आढळले. लाल ठिपका दिला.'

ते परिपत्रक मी लिहिलं होतं. विटा निघाल्या त्या आठवड्यात, एका दमात. 'यापुढे कोणताही माल बंद वेष्टनात स्वीकारू नये. प्रत्येक नगाचे वेष्टन व सील काढूनच तो तपासावा. यास कोणताही अपवाद असणार नाही.' शेवटचं वाक्य मी मागाहून घातलं होतं. पळवाट राहू नये म्हणून.

डब्यांच्या निविदेतही 'सीलबंद' हा शब्द मीच घातला होता. दोन्ही कागदांवर माझी सही होती. दोन्ही कागद मी कधी शेजारी ठेवून वाचले नाहीत. डब्यातला कोळसा हवेत काय करतो हे मंडळात एका माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि तो माणूस मी होते.

"उरलेले अठ्ठेचाळीस?" मी विचारलं.

"बाकीच्या चार केंद्रांवर गेलेत. मास्कना लावलेले असतील."

मी तिथूनच चारही केंद्रांना फोन लावले. मास्क उतरवा, क्लोरीनच्या शेडमध्ये कुणी जायचं नाही, गळती झाली तर सरळ कारखान्याच्या फायरवाल्यांना बोलवा. चौथ्या केंद्रावरची चंद्रकांता म्हणाली, "मॅडम, कारण काय लिहू वहीत?"

मी म्हटलं, "लेखी येईल उद्या."

६

सोमवारी सकाळी सावेसाहेबांनी दोन्ही कागद वाचले, माझी तीन पानी टिपणी वाचली आणि दार लावून घेतलं. या वेळी ते बसले.

"केंद्रांना सांगून झालंय ना?"

"तोंडी."

"मग धोका संपला. नवीन डबे मागवा, मी आज मंजुरी देतो. परिपत्रक गुपचूप मागे घ्या. हे पान..." त्यांनी सतरावं पान माझ्याकडे सरकवलं. "हे नस्तीत नव्हतंच. शुक्रवारी तुम्हीच मला सांगितलंत."

"आणि अहवालात शैलेश निष्काळजी."

"मेघाली, तुम्ही चोरी केली नाही. धर्माजीने केली नाही. कुणाच्या मनात पाप नव्हतं. उलट इतकं प्रामाणिक काम या जिल्ह्यात दुसरीकडे दिसणार नाही. ही टिपणी वर गेली तर तुम्ही निलंबित, त्या म्हाताऱ्याचं निवृत्तिवेतन अडकणार, पोलीस येणार. आणि शैलेश परत येणार आहे का?"

ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी मांडलेल्या प्रत्येक मुद्द्यात तथ्य होतं.

"धर्माजींनी माझा लेखी आदेश पाळला, हे टिपणीत पहिल्याच परिच्छेदात आहे," मी म्हटलं. "पान त्यांनी काढलं तेही आहे, आणि परत आणून दिलं तेही. शैलेशबद्दल एक ओळ आहे. त्याने मास्क नीट घातला होता, तो निकामी होता, आणि हे बघून ओळखण्याचा कोणताही मार्ग त्याच्याजवळ नव्हता. कारण डबे मुळात बिनसीलचेच येतात असंच सगळ्यांना वाटत होतं."

"विचार करा. दुपारपर्यंत."

"आवक वहीत नोंद झालीय, सर. सकाळी नऊ वाजता. प्रत वरच्या कार्यालयालाही गेली."

त्यांनी उठून दार उघडलं. मग म्हणाले, "मग आता इथे बसून काय करताय?"

मी घिवलीला गेले. दुपारची वेळ होती, उन्हाला धार होती. बांबूंजवळ पंधराएक बायका बोंबील उलटत होत्या. जाळी विणत चार म्हातारे सावलीत बसले होते. त्यांतला एक शैलेशचा बाप असावा, कपाळ तेच होतं.

शालू ओसरीवरून खाली उतरली.

"समजलं?"

"समजलं. त्याने मास्क बरोबर घातला होता. डबा मेलेला होता."

"कोणी केलं?"

"मी." तिला कळावं म्हणून मी सावकाश सांगितलं. कागद, सील, हवा. "चोरी पकडायला मी एक नियम केला. त्या नियमाने डबे उघडले गेले. मला माहीत असायला हवं होतं. मी तेच शिकले आहे."

तिचा हात वर आला. मारेल असं वाटलं, आणि मी मागे सरले नाही. तो हात तिने स्वतःच्या तोंडावर ठेवला. थोड्या वेळाने काढला.

"माझ्यासमोर रडू नको," ती म्हणाली. ती मला पहिल्यांदाच एकेरी बोलत होती. "मला तुझं रडणं नको. तिकडं जा. बोल."

तिने माझं मनगट धरलं आणि मला बांबूंच्या रांगांपर्यंत आणून सोडलं. बायकांचे हात थांबले. म्हाताऱ्याने जाळं मांडीवरून बाजूला केलं आणि मान वर केली.

माझा आवाज मुळात लहान आहे. बैठकीतसुद्धा मला पुन्हा बोलायला सांगतात.

"माझं नाव मेघाली वर्तक," मी म्हटलं. "मी पाणीपुरवठा मंडळात खरेदी अधिकारी आहे. शैलेश तामोरेची काही चूक नव्हती."

"ऐकू येत नाय," मागून एक बाई म्हणाली.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, मोठ्याने.